परवानगी एका विमानाला मिळाली, बाकीच्यांचं काय?

घरी विमान बनवणाऱ्या पोराचा व्हिडिओ दर चार-सहा महिन्यांनी आपल्या ग्रुपवर येतोच. मोटारसायकलचं इंजिन, अँगलचा सांगाडा, लाकडी पंखा आणि मागे ओरडणारी गावातली पोरं. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या. "रँचो!" "टॅलेंटला तोड नाही भो." आणि हमखास येणारं वाक्य, "सरकारने दखल घ्यावी."

मला या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. दखल म्हणजे नेमकं काय घ्यायचं? शाल-श्रीफळ? पालकमंत्र्यांबरोबर फोटो? पोरगं जे बनवतंय ते उडणार आहे की त्याचाच जीव घेणार आहे, हे बघायला एखादा जाणकार माणूस त्याच्या अंगणात जाणार आहे का? त्याबद्दल कुणी बोलत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातला २४ वर्षांचा एक तरुण असाच गेला. वेल्डिंगचं काम करायचा. शिक्षण थोडं, पण हातात कला. व्हिडिओ बघून बघून त्याने हेलिकॉप्टर उभं केलं होतं. रात्री जमिनीवरच चाचणी घेत असताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. बातमी देशभर चालली. चॅनलवाल्यांनी सिनेमातलं गाणं लावून पॅकेज केलं. आठवड्यात विषय संपला.

हा मुलगा वेडा नव्हता. जगात हजारो माणसं घरी विमान बांधतात, उडवतात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. फरक कुठे आहे, तो जरा सविस्तर सांगतो. पोस्ट लांब होईल, पण वाचा.

अमेरिकेत विमानाचं किट विकत मिळतं. ओरेगॉन राज्यात ऑरोरा नावाच्या गावात व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन नावाच्या इंजिनिअरने १९७० च्या दशकात सुरू केलेली. तिच्या आरव्ही मालिकेतली ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडालीत, आणि त्यातली बहुतेक लोकांनी गॅरेजमध्ये, गोठ्यासारख्या शेडमध्ये बांधलेली आहेत. तुम्ही ऑर्डर दिली की लाकडी खोके येतात. आत ॲल्युमिनियमचे पत्रे, आधीच कापलेले, आधीच भोकं पाडलेले. आधी शेपटीचं किट घ्यायचं, मग पंखांचं, मग धडाचं. इंजिन, प्रोपेलर आणि समोरची यंत्रं सगळ्यात शेवटी.

शेपूट आधी का, यात मोठं शहाणपण आहे. शेपूट लहान असते आणि स्वस्त असते. पत्र्याच्या भोकांच्या कडा घासायच्या, चिमट्यांनी पत्रे तात्पुरते जोडायचे, पुन्हा सोडवायचे, साफ करायचे, मग रिव्हेट मारायचे. एक माणूस बाहेरून रिव्हेट गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून बसतो. दोघांचा हात एका लयीत चालला नाही तर रिव्हेट वाकडा बसतो. वाकडा बसला की ड्रिलने काढायचा आणि परत मारायचा. असे हजारो रिव्हेट. हा दुसरा माणूस म्हणजे पुष्कळ वेळा बायको असते, त्यामुळे विमान आणि संसार दोन्ही एकाच वेळी पारखून निघतात. हे काम आपल्याला झेपणार नाही, हे ज्याला कळायचं त्याला शेपटीतच कळतं. तो शेपूट विकून टाकतो, फार बुडत नाही. ज्याला झेपतं त्याचे पुढे दीड-दोन हजार तास जातात. नोकरी सांभाळून करायचं म्हणजे तीन-चार वर्षं, कधी दहाही.

म्हणजे किट विमान आणि व्हिडिओतलं विमान यात मूळ फरक हा की किटचं डिझाइन दुसऱ्या कुणीतरी आधीच उडवून बघितलेलं असतं. पंखाचा आकार, वजन कुठे किती, किती वेगाला विमान पडतं, हे तुम्ही शोधायचं नसतं. तुम्ही फक्त नीट जोडायचं. आपला पोरगा मात्र एकाच वेळी डिझायनर, वेल्डर, इन्स्पेक्टर आणि टेस्ट पायलट असतो. यातलं प्रत्येक काम एकेका माणसाचं आहे.

आता तिथलं सरकार काय करतं ते बघा, मला ते किटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. तिथल्या विमान वाहतूक खात्याचा नियम साधा आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कामाची वही ठेवायची, फोटो काढायचे. शेवटी खात्याचा किंवा खात्याने नेमलेला तपासनीस येतो, बघतो, कागद देतो. मग पहिले साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, दाट वस्तीवरून नाही, आणि हौशी प्रवासी न्यायचा नाही. विमानावर ठळक अक्षरात "एक्सपेरिमेंटल" असं लिहायचं. आत पाटी लावायची, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. भाड्याने प्रवासी न्यायला कायमची बंदी.

या पाटीत सरकारची भूमिका पूर्ण आली. तुझा जीव तू धोक्यात घालतोस, तो तुझा हक्क. पण शेजारी बसणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे, आणि खालच्या गावाला त्रास होता कामा नये.

अशी विमानं तिथे तीस हजारांच्या घरात नोंदलेली आहेत. हौशी लोकांची संघटना १९५३ पासून आहे, पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेली. तिचे अनुभवी सभासद नवख्या माणसाच्या गॅरेजमध्ये जाऊन काम बघतात, फुकट. हा रिव्हेट काढ, ही वायर अशी नको. दर जुलैमध्ये ऑशकॉशला त्यांची जत्रा भरते, तिथे देशभरातून विमानं येतात. बैलगाड्या सोडल्यासारखी गवतात विमानं लावायची, बाजूला तंबू ठोकायचा, की झाला मुक्काम.

तिथे सगळं सोन्याचं आहे, असं म्हणायचं नाही. घरी बांधलेल्या विमानांचे अपघात कारखान्यातल्या विमानांपेक्षा जास्त होतात, हे तिथलीच तपास यंत्रणा सांगते. २०१२ मध्ये तिने यावर मोठा अभ्यास केला. सुरुवातीच्या उड्डाणांतला धोका त्यात पुढे आला, आणि नंतर त्या उड्डाणांत बरोबर दुसरा पात्र पायलट घेण्याची मुभा नियमांत आली. व्हॅन्स कंपनीचंही तसंच. लेझरने कापलेल्या काही भागांच्या भोकांना चिरा जाऊ लागल्या. कंपनीने चाचण्या केल्या, निकाल गिऱ्हाइकांना सांगितले, भाग बदलून द्यायची तयारी दाखवली. या आणि इतर खर्चाच्या ओझ्याने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षण मागावं लागलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. चूक झाली, लपली नाही, नियमात आणि कामात दुरुस्ती झाली.

पण हा नियम तिथेही आभाळातून पडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांची अवस्था अधांतरी होती. ओरेगॉनचाच जॉर्ज बोगार्डस नावाचा माणूस १९४७ मध्ये आपलं एका सीटचं छोटं विमान, "लिटल जी बी", घेऊन निघाला आणि देश ओलांडून थेट वॉशिंग्टनला उतरला. सरकारी अधिकाऱ्यांना म्हणाला, बघा, हे उडतं. पुढच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा गेला. त्यातून हौशी बांधणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग तयार झाला. ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

बोगार्डसनेही सरकारचं दार ठोठावलं. पण त्या दारातून त्याच्या विमानाच्या परवानगीपुरतं काही निघालं नाही, सगळ्यांसाठी नियम निघाला.

आता आपल्याकडे या.

कॅप्टन अमोल यादव हे नाव धुळेकरांना सांगायला नको. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर या माणसाने सहा आसनी विमान बांधलं. पेशाने वैमानिक. हे किट नव्हे, डिझाइन स्वतःचं, म्हणजे काम किती तरी पटीने अवघड. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या मेक इन इंडिया सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं. नोंदणीसाठी त्यांची धडपड २०११ पासून चालू होती. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तीही मुख्यमंत्र्यांनी आणि पंतप्रधानांनी लक्ष घातल्यावर. विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. एन म्हणजे नरेंद्र, एम म्हणजे मोदी, डी म्हणजे देवेंद्र. यादवांनी कृतज्ञतेने तो घेतला, त्यात त्यांना मी दोष देत नाही. सहा वर्षं उंबरे झिजवलेल्या माणसाने दार उघडणाऱ्याचं नाव लावलं तर ते माणुसकीला धरूनच आहे. उडण्याचा परवाना त्यानंतर आणखी दोन वर्षांनी, २०१९ मध्ये. आणि २०२० मध्ये आपल्या गोंदूरच्या धावपट्टीवर त्या विमानाच्या चाचण्या झाल्या. तेव्हा कुंपणाजवळ जाऊन बघणारे आपल्यातले बरेच जण होते.

पण त्या क्रमांकातच सगळी गोम आहे. यंत्रणेतून मिळालेल्या परवान्यावर नेत्याचं नाव लावायची वेळ येत नाही. आपण एसटीच्या पासवर परिवहनमंत्र्याचं नाव लिहितो का?

फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने यादवांच्या कंपनीशी करार केला. पालघरमध्ये १५७ एकर जागा, ३५ हजार कोटींचा प्रकल्प. पहिल्या पानाची बातमी. पालघरमधून विमानं बाहेर पडायला लागली असती तर आपल्याला कळलं असतंच. मला तेव्हाही प्रश्न पडला होता, आजही पडतो. ज्या व्यवस्थेला एका विमानाची नोंद करायला सहा वर्षं लागली, तिला ३५ हजार कोटींचा आकडा तोंडातून काढायला किती सोपं गेलं! त्यापेक्षा वीस पानांची साधी, मराठीत छापलेली कार्यपद्धती काढली असती तर? घरी विमान बांधायचं असेल तर अर्ज कुठे करायचा, काम कुणाला दाखवायचं, किती टप्प्यांवर दाखवायचं, कुठे उडवायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल. त्याला एक रुपया लागला नसता. पण त्याचा फोटो काढता येत नाही.

नियम अजिबात नाहीत, असं कुणी समजू नका. मायक्रोलाइट म्हणजे दोन आसनी हलक्या विमानांसाठी डीजीसीएची नियमावली आहे आणि अशी विमानं आपल्याकडे उडतात. एनसीसीच्या एअर विंगमधल्या कित्येक पोरांनी आयुष्यातली पहिली भरारी ज्या झेन एअर सीएच-७०१ मध्ये घेतली, ते मुळात परदेशात घरी बांधायचं किट म्हणून विकलं जाणारं डिझाइन आहे. आणि याहून गमतीची गोष्ट. बंगळुरूची राजहंस अल्ट्रालाइट्स ही कंपनी एक्स-एअर नावाची छोटी विमानं बनवते. त्यातल्या एकाचं नाव "हनुमान". ती किटच्या रूपात परदेशात गेली आणि इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी ती घरी जोडून उडवली. बंगळुरूचा हनुमान इंग्लंडच्या गॅरेजमध्ये उड्डाण शिकला. आपल्या पोराला मात्र तो भेटतच नाही, त्याला भेटतो मोटारसायकलचा भंगारवाला.

२०२२ मध्ये केरळमधून इंग्लंडला गेलेल्या एका इंजिनिअरचा फोटो सगळीकडे फिरला होता, आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये त्याने घरामागच्या शेडमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीचं चार आसनी किट जोडलं आणि पुढे बायको-मुलींना घेऊन त्यातून फिरला. खर्च सुमारे १ लाख ४० हजार पौंड. खाली सगळे लिहीत होते, "भारतीय असल्याचा अभिमान". अभिमान मलाही वाटला. पण तिथे हौशी विमानांवर देखरेख करणारी संस्था आहे, तिचा तपासनीस टप्प्याटप्प्यावर येऊन सही करतो, सही झाल्याशिवाय पुढचा पत्रा बंद करता येत नाही. माणूस केरळचा, किट आफ्रिकेचं, आणि विमान उडालं ते या इंग्लंडच्या सहीमुळे. ती सही आपल्याकडे आलप्पुळमध्ये मिळाली असती का, शहाद्यात मिळेल का?

अभिमानावरून आठवलं. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, हे छातीठोक सांगणारे खूप आहेत. तळपदे होते, धडपडे होते, पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचे दाखले दिले जातात, त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच मांडलं. तरी त्यावर २०१५ च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये निबंध वाचला गेला. त्याच सुमारास यादवांची फाइल टेबलावर पडून होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विमानासाठी आपण भांडायला तयार, गच्चीवरच्या विमानासाठी नाही. असो.

आता आक्षेप. पहिला पैशांचा. इंजिन, यंत्रं धरून चांगलं किट विमान एक लाख डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख आणि वर. मग हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? एकट्याने करायचं तर आहेतच. पण ओरेगॉनमध्ये शाळकरी पोरांनी जाणत्यांच्या हाताखाली आरव्ही-१२ नावाचं दोन आसनी विमान बांधून उडवलेलं आहे. आपल्या आयटीआयत फिटर आहेत, वेल्डर आहेत, शीट मेटलवाले आहेत. वर्षानुवर्षं तोच चौकोनी जॉब घासतायत. एका जिल्ह्याच्या आयटीआयला एक किट द्या. तीन बॅचेस त्यावर काम करतील. एका हायमास्ट-सुशोभीकरणात चौकात जितका पैसा उडतो तितक्यात, आणि उजेड जास्त पडेल.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. उद्या कुणी काहीही उडवेल, सीमेचा प्रश्न, अतिरेक्यांचा प्रश्न. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण वहीत नोंद असलेलं, तपासनिसाने चार वेळा पाहिलेलं, ठरलेल्या धावपट्टीवरूनच उडणारं विमान जास्त सुरक्षित की रात्री शेतात गुपचूप सुरू केलेलं? नियम नसला की माणूस थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. यवतमाळचा पोरगा रात्री चाचणी घेत होता, हे विसरू नका.

आणि यवतमाळला धावपट्टी आहे. त्याच जिल्ह्यात. लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ राज्याने २००९ मध्ये एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले होते. यवतमाळच्या धावपट्टीवर त्यानंतर वर्षानुवर्षं काय उडालं, ते यवतमाळकरांना विचारा. एकीकडे मोकळी धावपट्टी, दुसरीकडे अंगणात पंखा फिरवणारा वेल्डर. दोघांची गाठ घालून देणारी एक खिडकी त्या जिल्ह्यात नव्हती. आपल्याकडेही नाही. गोंदूरला फ्लाइंग क्लबची विमानं येतात-जातात, म्हणजे आपल्याला निदान विमान समजणारी माणसं आहेत. इंजिनवर काम करणारे मेकॅनिक आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी जिल्ह्यातल्या अशा पोरांची कामं बघितली, तर अर्ध्यांना ते सांगतील, "बाबा, हे उडवू नको, याचं वजन मागे गेलंय." तेवढ्याने एखादा वाचेल. उरलेल्या अर्ध्यांपैकी एखाद्याला योग्य वाट लागेल.

म्हणून पुढच्या वेळी व्हिडिओ आला की "सरकारने दखल घ्यावी" एवढंच लिहून सोडू नका. खासदारांना टॅग करून तीन प्रश्न विचारा. विमान वाहतूक हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे आमदारांच्या मागे लागून उपयोग नाही. हौशी माणसाने घरी बांधलेल्या किती विमानांची गेल्या दहा वर्षांत देशात नोंद झाली? त्या प्रत्येकाला अर्जापासून परवान्यापर्यंत किती दिवस लागले? आणि धुळे जिल्ह्यातल्या मुलाला आपलं काम दाखवायचं असेल तर त्याने कोणत्या कार्यालयात, कुणाकडे जायचं? लोकसभेत लेखी उत्तर मागता येतं. मी हे प्रश्न या आठवड्यात खासदारांच्या कार्यालयात लेखी देतोय. पोच मिळाली की इथेच टाकतो.